फुजी रॉकला (नाएबा, जपान) पहिल्यांदा जायचंय: प्रवास, तंबू, पाऊस, खाणं, औषधं

मेघमल्हार

जुलैअखेरच्या फुजी रॉक या संगीत महोत्सवाला आम्ही तिघं जायचं म्हणतोय. तिघांचेही पासपोर्ट भारतीय, जपानी कुणालाच येत नाही. शुक्रवार-शनिवार-रविवार, तिन्ही दिवस करायचे आहेत. अधिकृत माहिती वाचली, पण तिच्यातून ठरत नाहीत असे काही प्रश्न उरलेत:

१. फुजी पर्वताजवळच्या कावागुचिकोला बऱ्या दरात हॉटेल दिसतंय. तिथून रोज ये-जा जमेल का?
२. की तिथल्या तंबूतळावरच राहावं?
३. पाऊस पडतो म्हणतात. किती मनावर घ्यायचा?
४. एक जण शाकाहारी आहे. अंडं चालतं, मासे अजिबात नाहीत.
५. सर्दी-खोकल्याची नेहमीची औषधं बरोबर नेली तर विमानतळावर कटकट होते का?

यंदा कोण गाणार यावर चर्चा नको, ती दुसरीकडे भरपूर चालू आहे.

---

रूळावरून

कावागुचिकोचं बुकिंग केलं असेल तर आधी रद्द करा. फुजी रॉक फुजी पर्वतापाशी होत नाही. १९९७ साली पहिला उत्सव फुजीच्या पायथ्याशी झाला, तो वादळात सापडला आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी टोकियोत झाला आणि १९९९ पासून निइगाता प्रांतात, युझावाच्या हद्दीतल्या नाएबा स्की रिसॉर्टवर होतो. नाव तेवढं फुजीचं राहिलं. कावागुचिको टोकियोच्या पश्चिमेला, नाएबा उत्तरेकडे डोंगरात. रोज टोकियोला वळसा घालून ये-जा म्हणजे निम्मा उत्सव गाडीत.

जायचं कसं ते सांगतो. टोकियो किंवा उएनो स्टेशनवर जोएत्सु शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) पकडायची. गाड्यांची नावं दोनच लक्षात ठेवा, तोकी आणि तानिगावा. उतरायचं एचिगो-युझावाला. वेळ सव्वा ते दीड तास, एका बाजूचं भाडं साडेसहा-सात हजार येनच्या घरात.

इथे चुका ठरलेल्या होतात:

त्याच फलाटांवरून होकुरिकु मार्गाच्या गाड्याही सुटतात (कागायाकी, हाकुताका, आसामा). ताकासाकीपाशी मार्ग फुटतो. चुकून हाकुताकात बसलात आणि ती ताकासाकीला थांबणारी असेल तर तिथे उतरून गाडी बदलता येते. कागायाकी तिथे थांबतच नाही, ती ओमियानंतर थेट नागानोला थांबते. तेव्हा फलाट क्रमांकावर विसंबू नका, फलकावर गाडीचं नाव वाचा.

दुसरं, सगळ्या तोकी एचिगो-युझावाला थांबत नाहीत. नाव बरोबर असलं तरी थांब्यांची यादी बघायची. तानिगावा मात्र काही ताकासाकीलाच संपतात, तेही बघून घ्या.

तिसरं, पास. 'जेआर टोकियो वाइड पास' एचिगो-युझावापर्यंत चालतो आणि विदेशी पासपोर्टवर मिळतो, पण तो लागोपाठ तीनच दिवसांचा असतो. गुरुवारी जाऊन सोमवारी परतणाऱ्याला परतीचं तिकीट वेगळं काढावंच लागतं, मग पासात राम राहत नाही. टोकियोच्या आसपासची आणखी भटकंती त्याच तीन दिवसांत बसत असेल तरच घ्या.

स्टेशनबाहेरून उत्सवाची शटल बस सुटते. तिचे पैसे वेगळे, रस्ता घाटाचा, मोकळ्या रस्त्याने ४० मिनिटं ते तास. शुक्रवारी सकाळी १० ते १ या वेळात रांग लांबलचक असते. गुरुवारी दुपारी पोचलात तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाचं रात्रीचं. मुख्य ग्रीन स्टेजवरचा शेवटचा कार्यक्रम साधारण नऊच्या पुढे सुरू होऊन अकराच्या आसपास संपतो. एचिगो-युझावाहून टोकियोकडची शेवटची नियमित गाडी दहाच्या आगेमागे निघून गेलेली असते, आणि स्टेशनवर पोचायला बसचा वेळ आणि रांग धरून दीड-दोन तास लागतात. म्हणजे टोकियोत हॉटेल घेऊन रोज ये-जा करणाऱ्याने मुख्य कलाकार पाहायचा नाही असंच समजायचं. मुक्काम नाएबात, आजूबाजूच्या वस्तीत किंवा फार तर युझावा गावात हवा. नाएबा प्रिन्स हॉटेल उत्सवाच्या दारातच आहे, पण त्या दिवसांपुरती तिथली खोली नेहमीच्या संकेतस्थळांवरून सहसा हाती लागत नाही.

---

ओलेचिंब

२ आणि ३ ची उत्तरं एकत्रच देते, कारण तिथे तंबू आणि पाऊस वेगळे काढता येत नाहीत.

नाएबा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. ऊन असेल तर दुपारी चांगलंच भाजतं, पण रात्री पारा १५-१८ अंशांपर्यंत उतरतो. पाऊस कधी तासभर, कधी दिवसभर. शहराचा अंदाज बघून 'टोकियोत तर ऊन आहे' म्हणत निघणारे फसतात. अंदाज युझावाचा बघा, आणि तोही फक्त झुकता कल म्हणून.

छत्री नेऊ नका. स्टेजसमोर छत्री उघडायला मनाई आहे, मागच्यांना दिसत नाही आणि काड्या डोळ्यांत जातात. लागतात ते जॅकेट आणि पँट, दोन्ही. बरेच जण नुसतं जॅकेट घेतात, मग पाणी जॅकेटवरून निथळून मांड्यांवर येतं आणि गुडघ्यापर्यंतची पँट दहा मिनिटांत जड होते. जलरोधक क्षमता लेबलवर मिलिमीटरमध्ये दिलेली असते: १०,००० च्या खाली जाऊ नका, २०,००० असेल तर निश्चिंत. आकड्याइतकंच आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा, गळती शिवणीतूनच सुरू होते. स्वस्त प्लास्टिकच्या रेनकोटात घामानेच आतून भिजायला होतं. पोंचो तासाभराच्या सरीला ठीक, पण वारा सुटला की उडतो आणि हात वर केले की कोपरापर्यंत पाणी आत.

पायांत काय घालायचं यावर दोन पक्ष आहेत. जपानी लोक पुष्कळदा जपानच्या पक्षिनिरीक्षण संस्थेचे (याचो नो काई) घडी होणारे मऊ गमबूट वापरतात. ते गुंडाळून पिशवीत मावतात, चिखलात उत्तम. पण तळवा पातळ असतो आणि तिथल्या वाटा खडीच्या आहेत, दिवसभर चालल्यावर टाचा बोलायला लागतात. जाड आतला तळवा (इनसोल) घालून घ्या. नाहीतर घोट्याच्या वर येणारे जलरोधक ट्रेकिंग बूट आणि वर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण). कापडी स्पोर्ट्स शूज एकदा भिजले की तीन दिवस वाळत नाहीत. लोकरीचे मोजे रोजचा एक जोड, शिवाय एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून झोपायच्या वेळेसाठी राखीव. त्याला दिवसा हात लावायचा नाही.

आता तंबू. तंबूतळाचा परवाना माणशी वेगळा काढावा लागतो, उत्सवाच्या तिकिटात तो धरलेला नसतो. जागा म्हणजे गोल्फचं मैदान, आणि तेही उतारावरचं. वरच्या बाजूची सपाट जागा गुरुवारीच संपते. शुक्रवारी दुपारी आलेल्याला उतारच मिळतो. उतारावर:

– डोकं चढाकडे, पाय उताराकडे. आडवं झोपलात तर रात्रभर एकमेकांवर घरंगळत राहाल.
– गुळगुळीत मॅट घसरते. खालून खडबडीत असलेली फोमची घ्या, किंवा पायांकडे पिशव्या रचून अडण करा.
– उताराच्या तळाशी आणि खोलगट पट्ट्यात तंबू नको. रात्री पाणी तिथेच येतं. ती जागा मोकळी दिसते त्याचं कारण हेच.
– तंबू दुहेरी थराचा हवा. बाहेरचा थर आतल्याला टेकला की तिथून ओल झिरपते, म्हणून दोऱ्या ताणून खुंट्या पूर्ण ठोका. खुंट्या मोजून नका नेऊ, चारपाच जास्त असू द्या.
– जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. बाहेर डोकावलं तर पाऊस त्यावर साचून तुमच्याच खाली येतो.

तिघांना एक तंबू असेल तर चौघांचा घ्या, ओलं सामान ठेवायला तेवढी जागा लागते. त्याहून मोठा तंबू किंवा भलामोठा टार्प (ताडपत्री) ताणून जागा अडवणं तिथे खपत नाही. झोपायची पिशवी १० अंशांना उबदार राहील अशी. जुलैअखेर तिथे पावणेपाचच्या सुमारास उजाडतं आणि ऊन निघालं की सहा-सात वाजता तंबूत भट्टी होते. डोळ्यांची पट्टी आणि कानातले बोळे चैन म्हणून नव्हे, झोप मिळावी म्हणून. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत आणि तंबूपाशी चूल पेटवायला मनाई आहे, तेव्हा स्टोव्हचा विचारच सोडा.

तळावर अंघोळीची सोय आहे, तिथेही रांग. सकाळी आठला सगळे जातात, तुम्ही दुपारी जा.

---

सुंठसाखर

औषधांचं नीट वाचा, कारण भारतात कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्या जपानात मनाई असलेल्या यादीत बसतात.

स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध नेता येत नाही. नाक चोंदल्यावरच्या गोळ्यांत हे असतं, पाकिटावरचा घटक वाचा. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर १ टक्क्याची मर्यादा. आम्फेटामिन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी पूर्ण बंद. बाकी चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरती आणि चिठ्ठीविना मिळणारी दोन महिन्यांपुरती चालतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचा परवाना आधीच ऑनलाइन मागून घ्यावा लागतो. सगळं मूळ पाकिटात ठेवा, इंग्रजी चिठ्ठी बरोबर. सुट्या गोळ्या डबीत भरून नेल्या की प्रश्न उगाच वाढतात. साध्या पॅरासिटामॉलला, जुलाबाच्या ओआरएसला काही अडचण नाही.

गांजाबद्दल एकच ओळ. डिसेंबर २०२४ पासून जपानात त्याचं सेवनही गुन्हा आहे, बाळगणं तर आधीपासूनच. उत्सव आहे म्हणून सूट नसते.

खाण्याचं सामान नेताना मांसाचे पदार्थ, ताजी फळं, कढीपत्त्यासारखी ताजी पानं टाळा, विमानतळावर काढून घेतात. कोरडा चिवडा, खाकरा, सुकी चटणी चालते.

व्हिसा: भारतीयांना लागतो. भारतात राहणाऱ्यांना १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, ९० दिवसांपर्यंतचा. अर्ज मात्र व्हिसा केंद्रातूनच जातो. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून संकेतस्थळावरच दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. म्हणजे उतरल्याबरोबर डेटा चालू हवा: ई-सिम निघण्याआधीच टाकून ठेवा. आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरू नका. परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे. झिपच्या पिशवीत घालून आतल्या खिशात.

तिकीट परदेशी ग्राहकांसाठीच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या. जपानी विक्री-संकेतस्थळं जपानी फोन नंबर मागतात आणि तिथेच गाडी अडते. कुणाकडून चढ्या भावाने घेऊ नका, जपानात जून २०१९ पासून तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध कायदा आहे. तिकीट देऊन मनगटपट्टा मिळतो, तो सैल बांधून घेऊ नका. हरवला तर दुसरा मिळेल या भरवशावर राहू नका.

---

घाटवाट

वरच्या सगळ्यात भर, उत्सवाच्या आतली.

आवार लांबट आहे. दारापासून मंचांचा क्रम असा: रेड मार्की आणि खाण्याचा ओअॅसिस भाग, मग ग्रीन, मग व्हाइट, पुढे जिप्सी अॅव्हलॉन आणि फील्ड ऑफ हेवन. ग्रीनहून व्हाइटला मोकळ्या वेळी १०-१५ मिनिटं. पण ग्रीनवरचा मोठा कार्यक्रम संपला की सगळे एकाच वाटेला लागतात आणि तेवढ्याच अंतराला अर्धा तास जातो. दारापासून फील्ड ऑफ हेवनला अर्धा तास धरा, पावसात पाऊण. वेळापत्रक आखताना एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लागोपाठ दोन कार्यक्रम ठेवू नका. एकाचा शेवट सोडायचा की दुसऱ्याची सुरुवात, ते आधीच ठरवा. झाडीतून जाणारी फळ्यांची वाट (बोर्डवॉक) कधी कधी मुख्य वाटेपेक्षा मोकळी असते, पण ओल्या फळ्या घसरड्या.

खुर्चीबद्दल. घडीची छोटी खुर्ची मागच्या भागात चालते, पुढे नाही. चालताना ती घडी करून पिशवीत घालायची. उघडी खुर्ची हातात घेऊन गर्दीतून जाणारा माणूस तिथे कुणालाच आवडत नाही. चटई अंथरून, जागा धरून तास तास गायब होणंही तसंच.

कचरा सात-आठ प्रकारांत वेगळा करावा लागतो. बाटली असेल तर झाकण एकीकडे, लेबल दुसरीकडे, बाटली तिसरीकडे. काड्या वेगळ्या, कागदी ताटली वेगळी, उष्टं वेगळं. डब्यापाशी स्वयंसेवक उभे असतात, कळलं नाही तर वस्तू पुढे करा, ते बोट दाखवतात. आत शिरताना कचऱ्याची पिशवी मिळते, ती घ्याच. ओले कपडे घालायलाही उपयोगी पडते.

शाकाहारी मित्रासाठी: अडचण मासा दिसण्याची नाही, न दिसण्याची आहे. सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, अंड्याचं ऑम्लेटसुद्धा बहुतेक वेळा दाशीत शिजवलेलं असतं आणि दाशी म्हणजे बहुतेकदा सुक्या बोनितो माशाचा अर्क. नाएबा शोकुदोचा किसलेल्या कंदाचा भात (तोरोरो-मेशी) बघायला निव्वळ शाकाहारी, पण त्यातही दाशी असण्याचीच शक्यता जास्त. वाक्य पाठ करा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस.' मांस, मासे आणि दाशी, तिन्ही नको असा अर्थ पोचतो. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे चीज पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप, उकडलेलं कणीस. कणीस भाजलेलं असेल तर वरून सोया सॉस लावतात, तो चालतो का ते बघा. फील्ड ऑफ हेवनच्या बाजूला शाकाहाराकडे झुकणारे ठेले जास्त असतात. ओनिगिरीत (भाताचा वळलेला गोळा) उमेबोशीचा (खारवलेला प्लम) घ्या, कोम्बुच्या (समुद्री शेवाळ) सारणात माशाचा अर्क असू शकतो. संध्याकाळी साडेसहा-सातला रांगा सगळ्यात लांब, पाचला जेवून घ्या.

---

मेघमल्हार

कावागुचिको रद्द, तंबू नक्की. दोन शंका राहिल्या. रविवारी रात्री शेवटपर्यंत थांबून निघायचं कसं? आणि मोठ्या सुटकेसेसचं काय करायचं, तंबूत त्या कुठे ठेवणार?

---

रूळावरून

रविवारी रात्री निघूच नका. तंबूचा परवाना सोमवार सकाळपर्यंतचा असतो. रविवारी झोपा, सोमवारी सातच्या आत तंबू मोडून बसच्या रांगेला लागा. नऊनंतर सगळा तळ एकदम उठतो. सोमवारचं विमान असेल तर संध्याकाळी उशिराचंच घ्या, सकाळचं किंवा दुपारचं घेणं म्हणजे जुगार. वादळाने घाट बंद झाला तर तेही जाईल, म्हणून जमलं तर मंगळवारचं.

सुटकेसी डोंगरावर न्यायच्याच नाहीत. विमानतळावरूनच ताक्क्यूबिनने (सामान पोचवणारी सेवा, काळ्या मांजराचं चिन्ह) सोमवारच्या टोकियोतल्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवा. सहसा दुसऱ्या दिवशी पोचतं. पण आधी हॉटेलला विचारा, इतके दिवस आधी आलेलं सामान सांभाळतील का. नसतील तर ताक्क्यूबिनच्याच काउंटरवर पोचवायची तारीख पुढची लिहून देता येते. एचिगो-युझावा स्टेशनवरच्या लॉकरांवर विसंबू नका, त्या आठवड्यात ते सकाळीच भरतात.

---

ओलेचिंब

सामानावरून एक: पॉवरबँक ताक्क्यूबिनच्या सुटकेसमध्ये राहून गेली तर तीन दिवस फोन मेला. विमानातही ती हातातल्याच पिशवीत लागते. जपानात विजेचा दाब १०० व्होल्ट आणि पिना दोन चपट्या, आपले गोल पिनांचे चार्जर बसत नाहीत. तळावर चार्जिंग मिळेल या भरवशावर राहू नका, माणशी २०,००० एमएएचची एक पुरते.

घाटवाट, गोंडोलाचं (डोंगरावर नेणारा रोपवे) राहिलं ना?

---

घाटवाट

हो. ड्रॅगनडोला, सुमारे साडेपाच किलोमीटर लांब, जपानातली सगळ्यात लांब गोंडोला. तिकीट वेगळं. एका बाजूला पंधरा ते पंचवीस मिनिटं, वर पठारावर खाणंपिणं आणि छोटा डीजे मंच. वारा वाढला की बंद करतात आणि संध्याकाळी लवकर थांबते, म्हणून जायचं तर सकाळी, तेही आकाश मोकळं असेल त्या दिवशी. ढगात गेलात तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही.

आणि गुरुवारी पोचताय तर संध्याकाळचा पूर्वरंग चुकवू नका. प्रवेश मोफत असतो, बोन ओदोरीचा नाच, आतषबाजी. तंबू मात्र त्याआधी उजेडातच लावून घ्या.